काळ्या पाण्याची टाकी

प्रिय ठोंब्या,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलंय म्हणून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. बाबा आतल्या खोलीत आहेत, हे बाहेर शब्दकोडं घेऊन बसलेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरलाय. घरी पाठवलं असतं तर ते आधी तुझ्या बायकोने उघडलं असतं. फोन करावा तर तू गाडी चालवत असतोस, सिग्नल सुटतो आणि 'ताई, नंतर करतो हं' म्हणून मला लटकत ठेवतोस. तुझं हे 'नंतर' गेली तीन वर्षं चाललंय. म्हटलं, आता लिहूनच टाकावं, एका बैठकीत. तूही एका बैठकीत वाच. आणि खाणंपिणं आधी उरकून घे, कारण पुढचं वाचताना तुला घास जायचा नाही.

आधी कामाचं. तीन आठवड्यांनी तुम्ही चौघं येणार, तेव्हा आठ दिवस फिरायला मोटरहोम ठरवून ठेव, असं तू सांगितलं होतंस. ठरवली. आत झोपायला जागा, छोटासा ओटा, फ्रिज, न्हाणी, सगळं चालतंफिरतं. पहिले दोन दिवस तळ्याकाठी, मग उंच झाडांचं रान, मग घाट, घाटमाथ्यावर दोन दिवस, आणि शेवटी समुद्र. प्रत्येक मुक्कामाला गरम पाणी आहे, विजेची जोडणी आहे, आणि खिडकी उघडली की समोर काहीतरी देखणं आहे. हे देखणं प्रकरण खास तुझ्या बायकोसाठी. तिने पाठवलेल्या फोटोत एक बाई सकाळच्या धुक्यात पांघरूण लपेटून, हातात कप घेऊन गाडीच्या पायरीवर बसलीय आणि तळ्याकडे बघतेय. फार छान. ती बाई उठल्या उठल्या कुठे जाऊन आली, ते साठलेलं कुठे गेलं आणि कुणी नेऊन टाकलं, हे काही फोटोत दिसत नाही. मला मात्र फोटोत तेवढंच दिसलं. माझी नजरच तशी झालीय, काय करू?

फोटोबरोबर यादीही आली. अकरा मुद्दे! संडास शक्यतो आधी कुणी वापरलेला नसावा. तो कसा मिळवायचा ते लिहिलेलं नाही. गाद्यांना वास नसावा. पडद्यांना वास नसावा. मुलांना सार्वजनिक बाथरूम चालत नाहीत. यादीभर 'वास' हा शब्द चार वेळा आलाय, मी मोजला. आणि अकराव्या मुद्द्यात अगदी साखर घोळून लिहिलंय की आत्याच्या घरी उतरण्याऐवजी विमानतळावरून थेट गाडीतच गेलो तर बरं, कारण मागच्या वेळी धाकटीला घरातल्या वासाने उलटी झाली होती. मागच्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. चार दिवस आला होतात, त्यातले तीन हॉटेलात काढलेत. ते वाचलं आणि मी घरभर हिंडून प्रत्येक खोलीत नाक लावलं. पडद्यांना लावलं, सोफ्याला लावलं, स्वतःच्या पदराला लावलं. मला काही म्हणजे काही कळेना. वास माझ्या नाकात कधी मुरला आणि कधी येईनासा झाला, देव जाणे! त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

गाडी बघायला मी एकटीच गेले. टायरच्या दुकानामागे मोकळं आवार, तिथे सहा गाड्या ओळीने उभ्या. भाड्याने देणारा माणूस किडकिडीत, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, आणि प्रत्येक गाडीचं दार उघडताना 'या, संसार बघा' म्हणायची खोड. पहिला संसार उघडला आणि मी दोन पावलं मागे सरले. शी! कुणीतरी फ्रिजमध्ये मासे ठेवून विसरून गेलं होतं, आणि तो वास मारायला या गृहस्थाने आत गुलाबाचा फवारा मारला होता. गुलाबात मासे, विचार कर. दुसऱ्या गाडीत न्हाणीच्या जाळीवर केसांचा बोळा, आणि तोही तीन रंगांचा. म्हणजे निदान तिघींनी तिथे डोकं धुतलं आणि एकीलाही तो उचलावासा वाटला नाही. तिसऱ्या गाडीत गादी उचलून बघितली तर खाली नखं. कापलेली. पायाची! तळी, डोंगर, सूर्यास्त, सगळं बघून आली माणसं आणि जाताना मागे नखं ठेवून गेली. डोंबलाचं निसर्गसौंदर्य! चौथी बरी निघाली. सहा जणांची, नवी नाही पण मन लावून धुतलेली. तीच ठरवली.

मग त्याने मला वाकायला लावून खालच्या टाक्या दाखवल्या. एक स्वच्छ पाण्याची. एक करड्या पाण्याची, म्हणजे भांड्यांचं, आंघोळीचं. आणि एक काळ्या पाण्याची. काळं पाणी म्हणजे कसलं, असं मी विचारणार तोच त्याने संडासाकडे बोट दाखवलं आणि घसा खाकरला. मला जे हसू फुटलं म्हणतोस! म्हटलं, अहो, काळ्या पाण्याची शिक्षा ऐकून होते, टाकी आज बघितली. त्याला काही तो विनोद पोचला नाही. तो आपला समजावून सांगायला लागला की ही चाकांची पेटी ओढून बाहेर काढायची, नेऊन ओतायची, विसळायची, निळं औषध घालायचं आणि परत सरकवायची, सहा माणसं असली तर रोज. आणि म्हणाला, बाई, इतकी वर्षं बघतोय, दर सहलीला हे काम एकाच माणसाच्या वाट्याला येतं. ते कोण, हे निघायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्या माणसालाही असतं. मग नमुना म्हणून त्याने कुणीतरी न धुता परत केलेली एक पेटी माझ्यापुढे आणली. मी बाह्या सरसावल्या, ओतली, विसळली, झाकण लावून त्याच्या हातात दिली. तो बघतच राहिला. पहिल्यांदा करणारा माणूस निदान तोंड तरी फिरवतो, म्हणाला, तुम्ही जन्मभर हेच केलंय की काय? त्याने ते कौतुकानेच म्हटलं होतं, पण घरी येईपर्यंत मला ते टोचत राहिलं.

कारण तुलाही तेच वाटतं. तुम्हा सगळ्यांनाच वाटतं. बाबांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि हॉस्पिटलातून त्यांना माझ्याकडे आणायचं ठरलं तेव्हा तू फोनवर काय म्हणालास, आठवतंय? 'ताई, तुला काय, तुला सवय आहे.' का, तर मी अठ्ठावीस वर्षं लॅबमध्ये काढली, लोकांच्या लघवीच्या बाटल्या आणि शौचाच्या डब्या तपासत. अरे गाढवा, डबीला झाकण असतं. वर चिठ्ठी असते, नंबर असतो, हातात मोजे असतात, आणि पाच वाजले की दिवे मालवून घरी जाता येतं. डबी तुझ्याकडे बघत नाही. डबीने तुला सायकल शिकवलेली नसते. आणि आपल्या घरात सगळ्यात नाजूक पोट कुणाचं होतं? दुधावरची साय बोटावर घेऊन तू घरभर कुणाच्या मागे धावायचास? नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने मी दुपारचा डबा न उघडता परत आणायचे आणि आईच्या नकळत मागच्या गल्लीतल्या कुत्र्याला घालायचे. ते कुत्रं माझ्या जिवावर चांगलं गलेलठ्ठ झालं होतं.

माया असली की किळस येत नाही म्हणणाऱ्यांनी कधी कुणाचं हगणं-मुतणं काढलेलं नसतं. येते. रोज येते. तीन वर्षं झाली, तरी सकाळी त्यांच्या खोलीचं दार लोटताना मी पदर नाकाला लावते. सकाळचा चहा मी दहाच्या आधी घेत नाही, घेतला तर टिकत नाही. मऊ, पिवळं असं काही मी खात नाही, केळंसुद्धा नाही. नखं इतकी खोल कापते की बोटं हुळहुळतात. मागे यांच्या मित्राची बायको आली होती, माझे हात हातात घेऊन म्हणाली, किती पुण्याचं काम करताय हो. आणि मग जाताना मोरीत जाऊन साबणाने हात धुऊन गेली. मला तिच्या त्या पुण्याची एवढी चीड आली की तिने वापरलेला साबण मी कचऱ्यात टाकला. हे सगळं मी तुला कधी सांगितलं नाही. विचारलंस की बाबा कसे आहेत, मी म्हणायचे, छान आहेत, आणि तू म्हणायचास, ग्रेट.

आणि ज्यांचं हे करावं लागतंय ते बाबा कोण! एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली, पण शर्टावर ग्रीसचा ठिपका खपवून घेतला नाही. बस सुटायच्या आधी स्टिअरिंग स्वतः पुसायचे. तू सात वर्षांचा होतास तेव्हा आपण त्यांच्याच बसने निघालो होतो आणि भर घाटात तू भडाभडा ओकलास. स्वतःच्या अंगावर, सीटवर, आणि पुढे बसलेल्या एका वकिलाच्या कोटावर. मी किंचाळून लांब सरकले. आईला काय करावं सुचेना. बाबांनी बस कडेला लावली. पन्नास माणसं खोळंबली, वकील तणतणायला लागला, आणि बाबा तुला उचलून खाली झऱ्यावर घेऊन गेले. तुला धुतलं, पुसलं, स्वतःचा शर्ट काढून तुझ्या अंगात घातला आणि पुढचे तीन तास बनियनवर बस चालवली. बनियनवर बस चालवली म्हणून साहेबाने त्यांच्यावर ठपका ठेवला. तुला हे आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. तू त्या शर्टात लगेच झोपून गेला होतास.

तर तुझा पहिला निरोप आला तेव्हा मला काय वाटलं असेल बघ. 'ताई, या वेळी आपण सगळे मिळून फिरायला जाऊ या.' अगदी असंच लिहिलं होतंस, पुसलेलं नाही मी अजून. आपण सगळे! 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो, एवढं तरी तिकडे जाऊन विसरला नसशील असं मी धरून चालले. लहानपणी तुझा यात नेहमी गोंधळ व्हायचा. आईला म्हणायचास, 'आम्ही देवळात जाऊ या', आणि ती विचारायची, मग मी कुठे जाऊ रे बाळा? पण आता तू पन्नाशीचा घोडा. तू 'आपण सगळे' लिहिलंस, मी बोटांवर माणसं मोजली, सात. आणि उठून तडक आत जाऊन बाबांना सांगून टाकलं. माझी अक्कल!

त्यांना कळतं, ठोंब्या. शब्द चारच उरलेत, हो, नको, थांब, आणि का कोण जाणे, 'तिकीट'. पण कळतं सगळं. मी नकाशा समोर धरला तर डाव्या हाताचं बोट घाटाच्या पायथ्याशी ठेवलं आणि एकेक वळण घेत हळूहळू वर नेलं. मध्येच एका जागी 'थांब' म्हणाले. मी चष्मा लावून बघितलं, तिथे खरंच धोक्याच्या वळणाची खूण होती. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसायचा सराव सुरू. पहिल्यांदा दहा मिनिटांत कलंडले. आता पन्नास मिनिटं बसतात, मान ताठ, नजर समोर, भिंतीकडे असे बघतात की कुणाला वाटावं भिंतीला काच आहे. मी डॉक्टरांना विचारलं. दर दोन तासांनी थांबा, कूस बदला, पाणी पाजा आणि खुशाल न्या, म्हणाले. गाडीवाल्याकडून चाकाच्या खुर्चीसाठी घडीची फळी मागून घेतली, खालच्या पलंगाला कठडा बसवून घेतला. सातव्या माणसासाठी वेगळी सीट बसवता येईल का, तेही त्याला विचारून ठेवलं. असा सगळा आराखडा मी तुला पाठवला. एवढ्या उत्साहाने मी वर्षानुवर्षांत काही केलं नव्हतं.

आणि तुझं उत्तर आलं. 'बाबांना कशाला उगाच त्रास? आपण सहा जणच जाऊ.' सहा म्हणजे तुम्ही चौघं, गाडी हाकायला तुझे भाऊजी, आणि मी. स्वयंपाकाला आणि काळ्या पाण्याला. खाली आणखी एक ओळ होती, की आठ दिवस बाबांना कुठे चांगल्या ठिकाणी ठेवता येईल का ते बघ ना. ठेवता! छत्री ठेवतात रे, बॅग ठेवतात. आणि शेवटी तो हसरा चेहरा, पिवळा. मी अठ्ठावीस वर्षं डब्या उघडल्यात, पण अशी मळमळ मला एकाही डबीने दिली नव्हती. तुझीच आली मला किळस, स्पष्टच सांगते. तुझ्या त्या अकरा मुद्द्यांची, तळ्याकाठच्या बाईची, 'ग्रेट'ची, सगळ्याची. बाबांना अजून सांगितलेलं नाही की त्यांचं नाव गळलंय. ते रोज खुर्चीत बसतात आणि मी रोज पायाखाली उशी देते.

तरी मी गेले हो, जागा बघायला. लाज नाही मला. शहराबाहेरची संस्था, पांढऱ्याशुभ्र फरशा, तुझ्या बायकोला आवडेल असा लिंबाचा सुगंध. लांबलचक खोलीत म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून ओळीने बसवलेली, समोर टीव्ही चालू, आवाज बंद. तिथल्या बाईने हसून सांगितलं की कपडे बदलायच्या वेळा ठरलेल्या आहेत, सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. मी विचारलं, आणि मध्ये झालं तर? ती म्हणाली, मध्ये नाही होत, सवय लागते त्यांना. एका आजोबांनी माझ्या पदराचं टोक धरलं आणि सोडेनात, तर तिने त्यांची बोटं एकेक करून उलगडली, माझ्याशी फॉर्मविषयी बोलता बोलता. मी फॉर्म घेतला, बाहेर आले आणि गेटपाशी फाडून टाकला. तिथून घरी येईपर्यंत मी तुला, तुझ्या बायकोला, त्या बाईला, सगळ्यांना मनात शिव्या घालत होते. आपण कशा या सगळ्यांपेक्षा बऱ्या, असं मला वाटत होतं.

आता ते सांगते, जे सांगायला ही सगळी पानं लिहिली. त्याच दुपारची गोष्ट. हे बाहेर गेले होते. मी याच टेबलाशी मुक्कामांची वही घेऊन बसले. बाबांनी चमचा वाजवला. पलंगाच्या दांडीवर चमचा वाजला की काय ते मी समजते. मी ऐकलं आणि उठले नाही. वळणदार अक्षरात लिहीत बसले, तळं, रान, घाट, समुद्र. परत वाजला. मी मनात म्हटलं, वाजवा. आठ, दोन, आठ, सवय लागते. पाऊण तास अधूनमधून वाजत राहिला आणि मग बंद पडला. बंद पडला याचा अर्थ मला पक्का माहीत होता. मी चहा केला, बिस्किटं काढली, बुडवून बुडवून चवीने खाल्ली. अडीच तासांनी आत गेले. त्यांनी स्वतःच आवरायचा प्रयत्न केला होता, एका हाताने, चादरीच्या टोकाने. हात, मनगट, कठडा, भिंत, सगळं माखलं होतं. मला बघितल्यावर ते घाईघाईने चादर ओढून झाकायला लागले आणि त्याने आणखीच पसरलं. आणि मी त्या हातावर मारलं, ठोंब्या. फटकन. आणि मग परत एकदा. दुसरा फटका मी रागाच्या भरात मारला असं म्हणायलाही मला तोंड नाही, कारण मध्ये थोडा वेळ गेला होता. 'थांब' येतं त्यांना, तेसुद्धा म्हणाले नाहीत.

मग मी त्यांना धुतलं, पुसलं, चादर बदलली, भिंत घासली, आणि न्हाणीत जाऊन ओकले. त्यांच्या घाणीची किळस मला ठाऊक आहे, ती वेगळी असते. या खेपेला मला माझीच किळस आली होती, माझ्या या उजव्या हाताची. अकरा दिवस झाले. यांना माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मनगटावरचा लाल वण दोन दिवसांत गेला. पण मी अजून पांघरूण सारखं करायला हात वर नेला तरी ते दचकतात. आणि मला आतून जे भय वाटतंय ते असं की परत चमचा वाजेल आणि मी परत उठणार नाही.

म्हणून हे पत्र. गाडी सहा जणांची आहे आणि सहाच जण जातील. तुम्ही चौघं, चालवायला तुझे भाऊजी, आणि त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बाबा. मी येत नाही. मला आठ दिवस त्यांच्यापासून लांब राहायचंय, आणि त्यांना माझ्यापासून. यांना एवढंच सांगितलंय की मी दमलेय आणि उचलायला तुम्ही हात द्या, बाकीचं तो करेल. बाकीचं म्हणजे तू. तुझ्या बायकोच्या गळ्यात घालू नकोस, तिचे वडील नाहीत ते. जमणार नसेल तर पत्र मिळताच कळव, मी गाडी रद्द करते आणि बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघते. मग तुम्ही हॉटेलात उतरा, तळी बघा आणि जा, मला भेटायला येऊ नका. जमणार असेल तर नीट ऐकून ठेव. पाणी कोमट घे. मोजे घाल, त्यात लाज नाही. श्वास तोंडाने घे. पहिल्या दिवशी तू ओकशील. ओक, चूळ भर आणि परत आत जा. बाबा डोळे मिटून पडलेले असतील. झोपलेत असं समजून बाहेर येऊ नकोस, पुसणाऱ्याला अवघड वाटू नये म्हणून ते मिटून घेतात. सगळं आवरलं, कपडे चढवले, की मोठ्याने म्हणायचं, 'बाबा, झालं', आणि मग ते डोळे उघडतात. हल्ली मी म्हटलं तरी उघडत नाहीत. तू म्हणून बघ.

तुझीच, टपालाकडे डोळे लावून बसलेली,
ताई